पाण्याच्या अवस्थांतरातील उष्णतेचे गणित : जोसेफ ब्लॅकच्या प्रयोगांचा एक ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : अप्रकट उष्मा, विशिष्ट उष्मा, अवस्थांतर, उष्मामापन, जोसेफ ब्लॅक, जेम्स वॅट

प्रस्तावना

शून्याखाली १० अंश सेल्सिअस तापमानाच्या एक किलोग्रॅम बर्फाची १०० अंश सेल्सिअसची वाफ करावयाची असेल तर किती उष्णता लागेल, हा प्रश्न विज्ञान शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने कधी ना कधी सोडविलेला असतो. बर्फ शून्य अंशापर्यंत आणण्यास सुमारे २१ किलोज्यूल, तो वितळविण्यास ३३४, झालेले पाणी १०० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे ४१८ आणि त्याची वाफ करण्यास २२५७, अशी एकूण ३०३० किलोज्यूल उष्णता लागते. चार ओळींचे हे गणित आहे. परंतु या चार आकड्यांपैकी ज्या दोन आकड्यांत तापमापीचा पारा जागचा हलत नाही, त्याच दोन आकड्यांत मिळून एकूण उष्णतेच्या ८५ टक्क्यांहून अधिक भाग सामावलेला आहे, याकडे विद्यार्थ्याचे आणि पुष्कळदा अध्यापकाचेही लक्ष जात नाही. तापमापी जे दाखवीत नाही ते मोजावयाचे कसे, हा अठराव्या शतकातील एक अवघड प्रश्न होता. त्याचे उत्तर ज्या प्रयोगांतून निघाले त्यांचा आढावा घेणे, त्यांतील आकडे आजच्या मूल्यांशी ताडून पाहणे आणि त्या इतिहासाविषयी रूढ झालेल्या काही समजुती तपासणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ब्लॅकपूर्व समजूत

अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात तापमापी बऱ्यापैकी विश्वसनीय झाली होती. फॅरनहाइटच्या पाऱ्याच्या तापमापीने निरनिराळ्या ठिकाणची निरीक्षणे परस्परांशी ताडून पाहणे शक्य केले. मात्र साधन हाती आल्याबरोबर संकल्पनाही स्पष्ट होते असे नाही. तापमान म्हणजेच उष्णतेचे प्रमाण, असे बहुतेकांनी गृहीत धरले होते. लायडन येथील प्रख्यात अध्यापक बूरहावे यांच्या मते उष्णता पदार्थांत त्यांच्या आकारमानाच्या प्रमाणात विभागली जाते. पदार्थ पाणी आहे की पारा, याने त्यात फरक पडत नाही. गंमत अशी की, फॅरनहाइटने त्यांच्यासाठी केलेल्या मिश्रणाच्या प्रयोगांतच या मताचा निरास दडलेला होता. तो ओळखण्यास मात्र काही दशके जावी लागली.

ब्लॅकने पुढे या प्रयोगाचे विवेचन पुढीलप्रमाणे केले. पाणी १०० अंश फॅरनहाइट आणि तेवढ्याच आकारमानाचा पारा १५० अंश असेल तर मिश्रणाचे तापमान १२५ यावयास हवे. प्रत्यक्षात ते १२० येते. पारा ३० अंशांनी निवतो, पाणी मात्र २० अंशांनीच तापते. म्हणजे तेवढ्याच उष्णतेने पाऱ्याचे तापमान अधिक बदलते, त्याची उष्णता सामावून घेण्याची क्षमता पाण्याहून कमी आहे. आजच्या मूल्यांनी हिशेब केला तर मिश्रणाचे तापमान सुमारे ११५.५ अंश येते, म्हणजे आधारभूत आकडा बराच चुकलेला होता. निष्कर्ष मात्र अचूक होता. विशिष्ट उष्म्याची संकल्पना एका सदोष आकड्यावर उभी राहिली, ही गोष्ट प्रयोगशाळेत दुसऱ्या दशांशस्थळासाठी विद्यार्थ्यांना वेठीस धरणाऱ्या आपणा सर्वांना विचार करावयास लावणारी आहे.

वितळण्याविषयीची समजूत याहून भाबडी होती. बर्फ एकदा द्रवणांकापर्यंत आला की आणखी किंचित उष्णता मिळताच त्याचे पाणी होते, असे मानले जाई. ब्लॅकने याविरुद्ध मांडलेला पहिला युक्तिवाद प्रयोगशाळेतला नव्हे, तर डोंगरउतारावरचा आहे. तसे असते तर वसंत ऋतूच्या प्रारंभी डोंगरांवरचे सारे हिम थोड्याच वेळात वितळून महाभयंकर पूर आले असते. प्रत्यक्षात हिम आठवडेच्या आठवडे पाझरत राहते. ज्या वस्तुस्थितीकडे पिढ्यान्‌पिढ्या सर्वजण पाहत होते तिच्याकडे प्रश्न म्हणून पाहणे, ही ब्लॅकची खरी बुद्धिमत्ता होय.

दोन गोळ्यांचा प्रयोग

जोसेफ ब्लॅक (१७२८-१७९९) यांचा जन्म फ्रान्समधील बोर्दो येथे, मद्यव्यापाऱ्याच्या कुटुंबात झाला. ग्लासगो येथे विल्यम कलेन यांच्याकडे आणि पुढे एडिंबरो येथे त्यांनी वैद्यकाचे शिक्षण घेतले. १७५६ पासून ते ग्लासगो विद्यापीठात अध्यापक होते. १७६६ मध्ये ते एडिंबरोला गेले. अप्रकट उष्म्यावरील त्यांचे काम प्रामुख्याने ग्लासगोच्या काळातील आहे.

डिसेंबर १७६१ मधील त्यांचा प्रयोग साधेपणामुळे अभ्यासनीय ठरतो. पातळ काचेचे चार इंच व्यासाचे दोन सारखे गोळे घेऊन प्रत्येकात पाच औंस पाणी भरले. एकातील पाणी बर्फ-मिठाच्या मिश्रणात ठेवून गोठविले, दुसऱ्यातील पाणी ३३ अंश फॅरनहाइटपर्यंत थंड केले. मग दोन्ही गोळे एका मोठ्या, वारा नसलेल्या दालनात एकमेकांपासून दूर टांगले. दालनाचे तापमान ४७ अंश होते. पाण्याचा गोळा अर्ध्या तासात ३३ वरून ४० अंशांवर आला, म्हणजे ७ अंश तापला. बर्फाच्या गोळ्याला वितळून त्याच ४० अंशांवर येण्यास साडेदहा तास, म्हणजे २१ अर्धे तास लागले.

ब्लॅकचा हिशेब असा : दोन्ही गोळे सारखे, हवा तीच, तेव्हा दर अर्ध्या तासाला दोहोंत सारखीच उष्णता शिरली असली पाहिजे. २१ गुणिले ७ म्हणजे १४७. त्यापैकी ३२ पासून ४० पर्यंतचे ८ अंश तापमापीत दिसले. उरलेले १३९ अंश गेले कोठे? ते बर्फाचे पाणी करण्यात खर्च झाले. तेवढ्या उष्णतेने तेवढेच पाणी १३९ अंश फॅरनहाइटने तापले असते. सेल्सिअस प्रमाणात हे मूल्य दर ग्रॅमला सुमारे ७७ कॅलरी होते. आजचे मान्य मूल्य ७९.७ आहे.

उत्तर इतके जवळ आले म्हणून प्रयोग निर्दोष ठरत नाही. गोळ्यात शिरणारी उष्णता गोळा आणि हवा यांच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते. पाण्याचा गोळा तापत गेला तसा त्याचा हवेशी असलेला फरक १४ अंशांवरून ७ अंशांवर आला, तर दुसऱ्या गोळ्यातील बर्फ बराच काळ ३२ अंशांवरच होता. तेव्हा ‘सारखीच उष्णता’ हे गृहीतक काटेकोर म्हणता येत नाही, आणि उत्तराच्या अचूकपणात योगायोगाचाही वाटा मानावा लागतो. ब्लॅक एका पद्धतीवर विसंबले नाहीत, हे येथे महत्त्वाचे.

दुसरी पद्धत मिश्रणाची. १९० अंश तापमानाचे १३५ भाग गरम पाणी आणि ३२ अंशांवरचा ११९ भाग बर्फ एकत्र केला. बर्फ पूर्ण वितळल्यावर मिश्रणाचे तापमान ५३ अंश भरले. काचेच्या भांड्याचे वजन १६ भाग होते, ते ८ भाग पाण्याइतके ब्लॅकने धरले. म्हणजे १४३ भाग ‘पाणी’ १३७ अंशांनी निवले. ही उष्णता ११९ भाग बर्फात वाटली तर प्रत्येक भागाच्या वाट्याला सुमारे १६४.६ अंश येतात. त्यांतील २१ अंश तापमानवाढीचे. उरतात १४३. आजचे मूल्य फॅरनहाइट प्रमाणात साडेत्रेचाळीस अधिक शंभर, म्हणजे १४३.५ आहे! मात्र येथेही जरा थांबावे लागते. काचेचा विशिष्ट उष्मा पाण्याच्या सुमारे एक पंचमांश असतो, निम्मा नव्हे. भांडे योग्य प्रमाणात धरले तर उत्तर १३८ च्या आसपास येते. भांड्याबाबतचा अंदाज आणि उष्णतेची इतर देवघेव यांनी परस्परांना सांभाळून घेतले, असेच म्हणावे लागेल.

हाच हिशेब आज आपल्या वर्गात कसा चुकतो तेही पाहण्यासारखे आहे. ५० अंश सेल्सिअसच्या २०० ग्रॅम पाण्यात शून्य अंशाचा २०० ग्रॅम बर्फ टाकला तर अंतिम तापमान किती, असे विचारले असता अनेक विद्यार्थी सूत्रात आकडे घालून उणे १५ अंश असे उत्तर काढतात आणि त्याखाली रेघ मारून मोकळे होतात. गरम पाणी शून्यापर्यंत निवताना १०,००० कॅलरी देते. सर्व बर्फ वितळण्यास १६,००० लागतात. तेव्हा १२५ ग्रॅम बर्फ वितळेल, ७५ ग्रॅम तसाच राहील आणि तापमान शून्य अंश असेल. सूत्रात काही चूक नाही. बर्फ पूर्ण वितळतो हे न तपासलेले गृहीतक चुकीचे आहे, आणि ते ब्लॅकपूर्व समजुतीचेच वंशज आहे.

वाफेचा हिशेब

ब्लॅकने आपले विचार २३ एप्रिल १७६२ रोजी ग्लासगोतील एका विद्वन्मंडळापुढे मांडले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी उकळण्याचा प्रश्न हाती घेतला. कथलाच्या मुलाम्याच्या सपाट भांड्यात ५० अंश फॅरनहाइटचे थोडे पाणी घेऊन ते भांडे लालभडक तापलेल्या लोखंडी पत्र्यावर ठेवले. चार मिनिटांत पाणी उकळू लागले आणि पुढे वीस मिनिटांत पूर्ण आटले. चार मिनिटांत १६२ अंश, म्हणजे मिनिटाला ४०.५ अंश. वीस मिनिटांत ८१० अंश. पाण्याचे तापमान मात्र या वीस मिनिटांत २१२ अंशांपुढे गेले नाही.

८१० हा आकडा आजच्या सुमारे ९७० अंशांच्या मानाने बराच कमी आहे. पाणी तापत असताना भांड्याने घेतलेली उष्णता हिशेबात नव्हती, त्यामुळे पत्र्याकडून मिळणाऱ्या उष्णतेचा दर कमी धरला गेला. शिवाय उकळताना तुषारांच्या रूपाने उडालेले पाणी वाफेच्या खाती जमा झाले. वॅटच्या नंतरच्या मापनांत हे मूल्य ९०० ते ९५० च्या दरम्यान आले. एकोणिसाव्या शतकात रेनो यांनी वाफेच्या एकूण उष्म्याचे जे सूत्र १८४७ मध्ये प्रसिद्ध केले त्यानुसार १०० अंश सेल्सिअसला बाष्पनाचा उष्मा दर ग्रॅमला ५३६.५ कॅलरी येतो. आजच्या सुमारे ५३९ या मूल्याशी त्याची तुलना केली म्हणजे सुमारे पंच्याऐंशी वर्षांत प्रयोगतंत्राने किती मजल मारली ते कळते.

वॅटचे ऋण : एक वादग्रस्त मुद्दा

ब्लॅकच्या सिद्धांतातून वॅटचे वाफेचे इंजिन निर्माण झाले, असे विधान अनेक पाठ्यपुस्तकांत आढळते. शुद्ध विज्ञानातून तंत्रज्ञान जन्म घेते या आवडत्या तत्त्वाला हे उदाहरण सोयीचे आहे. कागदपत्रे मात्र याहून गुंतागुंतीची हकीकत सांगतात.

१७६३-६४ च्या हिवाळ्यात ग्लासगो विद्यापीठाच्या मालकीचे न्यूकमेन इंजिनाचे एक छोटे प्रारूप दुरुस्तीसाठी वॅटकडे आले. ते अवाजवी वाफ खाते असे त्याला आढळले. वाफ थंड करण्यास किती पाणी लागते हे पाहताना त्याच्या लक्षात आले की, वाफेच्या रूपातील पाणी आपल्या वजनाच्या सुमारे सहापट विहिरीचे पाणी उत्कलनांकापर्यंत तापवू शकते. १० अंश सेल्सिअसचे पाणी धरले तर सहा गुणिले नव्वद म्हणजे ५४० कॅलरी. म्हणजे वॅटच्या या ओबडधोबड निरीक्षणात आजचे मूल्य जवळजवळ जसेच्या तसे होते. चकित होऊन तो ब्लॅककडे गेला, तेव्हा ब्लॅकने आपण काही काळ शिकवीत असलेला सिद्धांत त्याला समजावून दिला. म्हणजे तथ्य वॅटला स्वतंत्रपणे सापडले, अर्थ ब्लॅककडून मिळाला.

मे १७६५ मध्ये वॅटला वेगळ्या संघनकाची कल्पना सुचली आणि जानेवारी १७६९ मध्ये त्याचे एकस्व मिळाले. या कल्पनेचे मूळ कशात आहे? न्यूकमेन इंजिनात प्रत्येक फेरीला सिलिंडर थंड करून पुन्हा तापवावा लागे आणि त्यात वाफ वाया जाई, हे त्यामागचे मुख्य कारण होते. हा प्रश्न प्रामुख्याने धातूच्या विशिष्ट उष्म्याचा आहे, वाफेच्या अप्रकट उष्म्याचा नव्हे. स्वतः वॅटने १८१४ मध्ये, आपला शोध अप्रकट उष्म्याच्या सिद्धांतावर आधारलेला होता हे रॉबिसन यांचे विधान नाकारले. ब्लॅककडून मिळालेली माहिती आणि विचार व प्रयोग करण्याची शिस्त यांचे ऋण मात्र त्याने मनमोकळेपणाने मान्य केले. प्रस्तुत लेखकाच्या मते वॅटची ही साक्ष ग्राह्य धरावयास हवी. सिद्धांत दिला आणि यंत्र झाले, इतका सरळ मार्ग येथे नव्हता. एकाच विद्यापीठाच्या आवारात एक वैद्यकाचा अध्यापक आणि एक उपकरणे दुरुस्त करणारा कारागीर परस्परांशी बरोबरीने बोलत होते, हे अधिक मोलाचे आहे. आपल्याकडे प्रयोगशाळा सहायक आणि अध्यापक यांच्यात असा संवाद किती होतो?

अप्रकाशित शोधाचे परिणाम

ब्लॅकने हे काम स्वतः कधीही प्रसिद्ध केले नाही. ते वर्षानुवर्षे व्याख्यानांतून सांगत राहिले. त्यांच्या मृत्यूनंतर रॉबिसन यांनी १८०३ मध्ये ही व्याख्याने संपादित केली, तेव्हा त्यांतील कोणता शब्द गुरूचा आणि कोणता शिष्याचा हा प्रश्न उभा राहिला. सुदैवाने विद्यार्थ्यांनी उतरवून घेतलेल्या वह्या उपलब्ध आहेत. टॉमस कॉक्रन या विद्यार्थ्याची १७६७-६८ ची टिपणे डग्लस मॅकी यांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधी १९३५ मध्ये मॅकी आणि हीथकोट यांनी विशिष्ट व अप्रकट उष्म्यांच्या शोधाचा जो अभ्यास केला तो आजही या विषयाचा पाया आहे. वर्गातील वही हे इतिहासाचे प्रथम दर्जाचे साधन ठरावे, ही अध्यापकाला सुखावणारी तशीच सावध करणारी बाब आहे.

प्रकाशनाअभावी श्रेयाचे वाद होणे अटळ होते. स्वीडनमधील योहान कार्ल विल्के यांनी हिमावर गरम पाणी ओतण्याचे प्रयोग करून १७७२ मध्ये आपला निष्कर्ष स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला. त्यांच्या मते ७२ अंश सेल्सिअसचे पाणी तेवढ्याच वजनाचे हिम वितळविते आणि सारे मिश्रण शून्यावर येते. ब्लॅकच्या तुलनेत हा आकडा अधिक चुकीचा, परंतु तो छापील होता. अग्रक्रम कोणाचा हे ठरविताना व्याख्यान मोजावे की मुद्रित पान, हा प्रश्न ‘प्रकाशन करा’ असे सतत ऐकणाऱ्या आजच्या अध्यापकांना परका वाटणार नाही.

पॅरिसमध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास यांनी प्रश्नच उलटा केला. बर्फ वितळण्यास ठरावीक उष्णता लागते तर वितळलेल्या पाण्याच्या वजनावरून कोणतीही उष्णता मोजता येईल. १७८२-८३ च्या हिवाळ्यात त्यांनी बर्फाचा उष्मामापी वापरला आणि जून १७८३ मध्ये आपला निबंध अकादमीपुढे वाचला. आतल्या कप्प्यात उष्ण वस्तू, तिच्याभोवती वितळणारा बर्फ आणि बाहेरची उष्णता अडविण्यासाठी त्याभोवती बर्फाचे आणखी एक आवरण, अशी त्याची रचना होती. त्यात ठेवलेल्या एका गिनीपिगने दहा तासांत १३ औंस बर्फ वितळविला. तत्कालीन फ्रेंच औंस सुमारे ३०.६ ग्रॅमचा, म्हणजे जवळजवळ ३९८ ग्रॅम बर्फ आणि सुमारे ३२ किलोकॅलरी. आजच्या भाषेत त्या प्राण्याची शक्ती ३.७ वॅट भरते. श्वसन हे एक प्रकारचे मंद ज्वलन आहे या मताला या मोजमापाने बळ मिळाले. उपकरणात मात्र एक व्यंग होते. बर्फाच्या चुऱ्यात वितळलेले पाणी अडकून राहते आणि ते पूर्णपणे खाली निथळत नाही. कुंभारकामातील ख्यातनाम उद्योजक जोसाया वेजवुड यांनी १७८४ मध्येच ही अडचण निदर्शनास आणली होती.

‘अप्रकट’ या शब्दाविषयी

ब्लॅकने लॅटिन मुळाच्या ज्या शब्दाने ही उष्णता निर्देशिली त्याचा अर्थ लपलेली असा आहे. मराठीत ‘सुप्त उष्णता’ आणि शालेय पुस्तकांत ‘अप्रकट उष्मा’ हे शब्द त्याच अर्थाने आले. उष्णता हा एक सूक्ष्म द्रव आहे आणि तो बर्फाच्या कणांशी संयोग पावून लपतो, या कल्पनेशी तो शब्द चांगला जुळतो. स्वतः ब्लॅक उष्णतेच्या स्वरूपाविषयी सावध होते, त्यांच्या अनुयायांनी मात्र ती सावधगिरी बाळगली नाही. १८४२ मध्ये मायर यांनी आणि १८४३ पासून ज्यूल यांनी कार्य व उष्णता यांची सममूल्यता दाखविल्यावर द्रवाची कल्पना मागे पडली. ज्यूल यांचे १८५० चे मूल्य, एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापविण्यास ७७२ फूट-पौंड कार्य, आजच्या ७७८ च्या अगदी निकट आहे. १९४८ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने उष्णतेचे एकक म्हणून ज्यूलचा स्वीकार केला. एकक बदलले, शब्द तसाच राहिला.

आता उष्णता कोठेही लपत नाही हे आपणास ठाऊक आहे. बर्फातील रेणूंची हायड्रोजन बंधांनी बांधलेली चौकट मोडण्यास ऊर्जा लागते. वाफ होताना रेणू एकमेकांपासून जवळजवळ पूर्णपणे सुटे होतात, म्हणून बाष्पनाचा उष्मा वितळण्याच्या जवळजवळ सातपट असतो. शिवाय एक किलोग्रॅम पाण्याची वाफ १०० अंशांना सुमारे १.६७ घनमीटर जागा व्यापते. वातावरणाला मागे सारून ही जागा करण्यातच २२५७ पैकी सुमारे १७० किलोज्यूल खर्च होतात. विद्यार्थी ‘अप्रकट’ शब्दाचा अर्थ विचारतो तेव्हा ‘तापमापीला न दिसणारी’ एवढेच उत्तर दिल्यास अठराव्या शतकातील द्रवाची कल्पना त्याच्या मनात नकळत रुजते. नवा शब्द घडविण्यापेक्षा जुन्या शब्दाचा इतिहास सांगणे श्रेयस्कर, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

बर्फाचा व्यापार आणि ‘टन’

या उष्म्यावर एक संपूर्ण व्यापार उभा राहिला होता. १८३३ मध्ये बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर यांचे ‘टस्कनी’ हे जहाज १८० टन नैसर्गिक बर्फ घेऊन निघाले आणि सुमारे चार महिन्यांच्या प्रवासानंतर कोलकात्यास पोहोचले. दोनदा विषुववृत्त ओलांडूनही सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. पुढे मद्रास व मुंबई येथेही अमेरिकी बर्फ येऊ लागला आणि त्यासाठी बर्फघरे बांधली गेली. मद्रासचे बर्फघर आजही उभे आहे. वाटेत वितळलेल्या ८० टनांचा हिशेब केला तर सुमारे २,७०० कोटी ज्यूल उष्णता होते, म्हणजे साधारण एक टन दगडी कोळशाच्या ज्वलनाइतकी. आवरणातून चार महिन्यांत एवढीच उष्णता आत शिरली. ब्लॅकपूर्व समजूत खरी असती तर हा बर्फ बॉस्टनच्या बंदराबाहेरही पडला नसता.

नैसर्गिक बर्फाचा तो व्यापार कृत्रिम बर्फाच्या कारखान्यांनी संपविला, परंतु त्याचे माप मागे उरले. २,००० पौंडांचा एक टन बर्फ २४ तासांत वितळण्यास जितकी उष्णता घेतो तितकी उष्णता त्याच वेळात काढून घेणाऱ्या यंत्राची क्षमता एक टन मानली जाते. दर पौंडाला १४४ ब्रिटिश एकके धरली तर दिवसाला २,८८,००० आणि तासाला १२,००० एकके होतात, म्हणजे सुमारे साडेतीन किलोवॅट. दीड टनाचा वातानुकूलक विकत घेताना दुकानदार जो आकडा सांगतो त्यातील १४४ हा तोच आकडा होय, जो ब्लॅकने ११९ भाग बर्फ गरम पाण्यात टाकून १४३ असा काढला होता.